फॉर्च्युनर लिफ्ट केल्यापासून पुढून ‘टक्’ आवाज, एक्सल बूट सारखा फाटतोय: आमच्या गाडीत काय निघालं

आमची गाडी लिफ्ट केलेली, म्हणजे वेगळ्या स्प्रिंगा-शॉकअप घालून वर उचललेली. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे ज्याची गाडी असंच करतेय त्याला लगेच कळेल. स्पीडब्रेकरवर चढताना काही नाही, पण उतरताना चाक खाली लटकलं की पुढून एक कोरडा ‘टक्’, कोणीतरी हातोडीने चॅसिसवर एकच ठोका मारल्यासारखा. डावीकडचा एक्सल बूट (एक्सलच्या सांध्यावरचं ग्रीस भरलेलं रबरी आवरण) पाच महिन्यांत दोनदा फाटला, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा फवारा. इंदूरजवळ ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडवर ८०-९० ला ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंग हलकं पडायचं आणि गाडी आपल्या मर्जीने इकडे-तिकडे, मानपूरपर्यंत जाईस्तोवर खांदे भरून यायचे. मागून खराब रस्त्यावर दण् दण्. अलाइनमेंट चार वेळा केली, चारही वेळा आठ दिवस बरं वाटलं आणि परत तेच.

गाडी २०१८ ची, २.८ डिझेल, फोर बाय फोर ऑटोमॅटिक. देपालपूरकडे आमचं शेत आहे, पावसाळ्यात सोयाबीन उभं असताना तिथला शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे माळव्यातली काळी माती, चाकाला अशी चिकटते की फेंडरच्या आत तिचा थर बसतो आणि वाळला की छिन्नीने काढावा लागतो. म्हणून लिफ्ट. हौस नव्हती असं म्हणत नाही, होती, पण कारण हे होतं.

आता ही खिचडी कशी शिजली ते ऐका, कारण सगळी बिमारी त्यातच आहे. किट मी नवीन घेतलं नाही, ओळखीतल्या एकाने त्याच्या गाडीचं काढलेलं मिळालं, वर ‘४० मिमी लिफ्ट’ लिहिलेलं, पुढचे शॉकअप चांगले, स्प्रिंगा चांगल्या, भावही चांगला. त्याच्या गाडीला पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) होतं, मागे डिकीत ड्रॉवर, फ्रिज, पाण्याची टाकी, सगळा संसार. माझ्या गाडीला यातलं काहीच नाही. (लोखंडी बुल बार मला लावायचाच नव्हता, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने त्यांच्यावर कारवाई करा असं राज्यांना कळवलेलं आहे, उगाच चौकात पावती कशाला.) म्हणजे मी ज्या स्प्रिंगा घेतल्या त्या जास्तीचं वजन उचलायला बनवलेल्या होत्या, आणि वजनच नसेल तर ती स्प्रिंग तेवढी दबत नाही, गाडी ४० च्या जागी ६० वर जाऊन बसते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्यात पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर १० मिमीची एक ॲल्युमिनियमची चकती आधीपासून लावलेली होती. आपल्याकडे मेकॅनिक लोक स्पेसरला ‘पॅकिंग’ म्हणतात तीच. मी विचारलं ही काढायची का, तर उस्ताद म्हणाला, “रहने दो भिया, और ऊँची दिखेगी.” राहिली. गाडी खाली उतरवली तर नाक आभाळात. मग मागची बाजू खाली दिसायला लागली म्हणून मागच्या स्प्रिंगांखाली ३० मिमीचं रबरी पॅकिंग. किटमधले मागचे शॉकअप लीक होते म्हणून मागे कंपनीचेच जुने शॉकअप ठेवले, ‘चलता है’. प्रत्येक वेळी जे बिघडलं ते झाकायला अजून एक वस्तू घातली. आईला गाडीत चढायला खुर्चीच्या उंचीचा पाट लागायला लागला, तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

चकतीचं गणित इथे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. १० मिमीची चकती घातली म्हणजे गाडी १० मिमी उठेल असं वाटतं, तसं नसतं. पुढे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असतात आणि त्यांचा पाय लोअर आर्मच्या (चाकाला चॅसिसशी जोडणारा खालचा दांडा) साधारण मध्यावर टेकतो, चाक मात्र आर्मच्या टोकाला. दार मध्यावर एक इंच ढकललं की कडेला दोन इंच सरकतं ना, तसं. त्यामुळे १० ची चकती चाकाला जवळजवळ २० देते. मागे तसं नाही, मागे स्प्रिंग सरळ एक्सलवर बसलेली, ३० घातले की ३० च्या आसपासच मिळतात. म्हणजे माझा हिशोब असा झाला: पुढे ६० अधिक २०, मागे स्प्रिंगाच हेवी असल्यामुळे ५५ आणि वर ३०. दोन्हीकडे ८० च्या वर-खाली. ४० चं किट म्हणून घरी आणलेलं.

दुसरी गोष्ट, पॅकिंग दोन जातीचं असतं आणि दोघांची खोड वेगळी. शॉकअपच्या डोक्यावर, बाहेरून, चॅसिस आणि माउंटच्या मध्ये बसतं ते अख्खा शॉकअप खाली ढकलतं, त्यामुळे चाक आधीपेक्षा जास्त खाली लटकतं, एक्सलचा आणि बॉल जॉइंटचा कोन वाढतो, आणि पूर्ण दबल्यावर बंप स्टॉप (शेवटी धक्का झेलणारा रबरी ठोकळा) लागायच्या आधी शॉकअप आतून ठोकला जाऊ शकतो. दुसरं असतं स्प्रिंगच्या वर, आतमध्ये, ते स्प्रिंग आधीच दाबून ठेवतं. त्याने शॉकअपची लांबी बदलत नाही, गाडी फक्त त्याच लांबीत वर सरकते, म्हणून चाकाला खाली जायला जागा कमी उरते आणि ब्रेकर उतरताना शॉकअप वरच्या टोकाला जाऊन ‘टक्’ करतो. यातलं एकच असेल, आणि ते कंपनीच्या स्प्रिंगवर असेल, तर थोडं चालून जातं. लिफ्टच्या लांब शॉकअपवर डोक्यात चकती घालणं, हे मात्र अजिबात करू नका. दोन चकत्या एकावर एक घालणारेही पाहिलेत मी, त्यांना हात जोडतो.

बरं, शोधायच्या नादात मी काय काय बदललं ते सांगतो, पैसे वाचतील तुमचे. आधी लिंक रॉड (वळणावरचा झुकाव रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणारे छोटे दांडे) बदलले, दोन्ही, कारण प्रत्येक गॅरेजवाला ‘टक्’ ऐकला की लिंक रॉडच म्हणतो. आवाज तसाच. मग लोअर आर्मचे बुश, सांध्यातले रबर. आवाज तसाच. मग एकाने स्टिअरिंग रॅक काढायला सांगितला, त्याची किंमत ऐकून मी घरी आलो आणि म्हणलं आता स्वतःच बघू.

लिंक रॉडचा संशय पाच मिनिटांत मिटतो, आणि तो आधी मिटवा. दोन्ही बाजूंचे लिंक खालून सोडायचे, तारेने वर बांधायचे आणि कॉलनीतच १०-१५ च्या स्पीडने दोन ब्रेकरवरून जायचं (बाहेर रस्त्यावर नाही, वळणावर गाडी जास्त झुकते). आवाज गेला तर लिंक किंवा स्टॅबिलायझरचे बुश. माझा आवाज होता तसाच होता. म्हणजे बदललेले लिंक फुकट गेले, जुने अजून शेडमध्ये पडलेत.

मग मोजमाप. चाकाच्या मधल्या बिंदूपासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेप लावायची, चारही चाकं, सपाट जागेवर, गाडी दोनदा मागे-पुढे करून. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि घिसाई त्यात येते. लिफ्टच्या आधी हे माप मी घेतलंच नव्हतं, त्यामुळे मित्राची अगदी याच मॉडेलची, हात न लावलेली गाडी रविवारी सकाळी पोहे-जिलबीच्या बोलीवर घरी बोलावली. पुढे डावीकडे माझी ८४ मिमी जास्त, उजवीकडे ७८. मागे ८६ आणि ८५. टेप परत लावून बघितली, मित्राला लावायला सांगितली, आकडा तोच.

आता मुख्य टेस्ट. गाडी चॅसिसवरून जॅकने उचलून चॅसिसच्या खालीच घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, लोअर आर्मखाली नाही, कारण आपल्याला चाक पूर्ण लटकलेलं बघायचंय. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, दोन टनांच्या वर वजन आहे. चाकं काढली आणि टॉर्च मारला तर सगळं समोर होतं. अप्पर आर्म स्प्रिंगला टेकलेला, टेकलेल्या जागी काळा रंग खरवडून बोटभर रुंद चकचकीत लोखंड दिसत होतं, आणि समोर स्प्रिंगच्या दुसऱ्या वेढ्यावर तसाच चट्टा. हाच माझा ‘टक्’. शॉकअप थांबायच्या आधी आर्म स्प्रिंगवर आदळत होता. एक्सलचा कोन इतका की बूटच्या घड्या एका बाजूने ताणून सपाट आणि दुसऱ्या बाजूने एकमेकींवर चढून घासलेल्या, रबर तिथेच फाटणार. गिअर न्यूट्रलमध्ये, टू-एच मध्ये (फक्त मागच्या चाकांवर) ठेवून हब, म्हणजे चाक बसतं तो भाग, हाताने फिरवला तर एका ठिकाणी अडकल्यासारखं व्हायचं आणि स्टिअरिंग लॉकला नेल्यावर अजूनच. ब्रेकचा होज मात्र ढिला होता, तिथे नशीब. हे सगळं फोर बाय फोरचं सांगतोय. फोर बाय टू फॉर्च्युनर मागच्या चाकांवर चालते, तिला पुढे एक्सल शाफ्टच नाही, त्यामुळे ‘माझ्या मित्राची १०० मिमी लिफ्ट केलीये, त्याचा बूट नाही फाटत’ असं कोणी म्हणाला की आधी त्याची गाडी कुठली ते विचारा.

मागे काय चाललंय ते बघायला शॉकअपच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधला आणि शेतापर्यंत जाऊन आलो. दाबताना भरपूर जागा शिल्लक. पण उभ्या गाडीत दांडा किती बाहेर आहे आणि लटकल्यावर किती, हे मोजलं तर फरक जेमतेम ३ सेमी. म्हणजे गाडी उभी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला, खड्डा आला की अख्खा एक्सल त्या शॉकअपला लटकून झटका देणार. दण् दण् तो. कंपनीच्या लांबीचा शॉकअप आणि ८५ मिमीची उंची, दुसरं काय होणार.

पुढच्या बंप स्टॉपवर झिप टायचं काम नाही, तिथे मी कणकेचा गोळा लावला. खरंच. पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा बंप स्टॉपवर चिकटवायचा, एक जरा जोरात ब्रेकर घ्यायचा आणि परत येऊन गोळा किती चपटा झाला ते बघायचं. बायको म्हणाली आधी गाडीला जेवण घाल मग मला विचार. माझा गोळा जसाच्या तसा होता, वर ८० उचललेल्या गाडीत साहजिकच. उंची कमी केल्यावर परत लावला तेव्हा अर्धा चपटा झाला, म्हणजे बरोबर, लागतोय पण ठोकत नाही.

स्टिअरिंग हलकं पडायचं कारण वेगळं, पण मूळ तेच. सायकलचा पुढचा चिमटा जरा पुढे झुकलेला असतो म्हणून हात सोडून चालवता येते, तो सरळ उभा केला तर सायकल डगमगेल. गाडीत त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात. पुढून उचललं की कॅस्टर कमी होतो. माझ्या अलाइनमेंटच्या कागदावर डावीकडे १.१ आणि उजवीकडे १.४ डिग्री, दोन्ही लाल रंगात, आणि मी चारही वेळा फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) हिरवा झाला म्हणून खूश होऊन पैसे देऊन आलो. लोअर आर्मच्या कॅम बोल्टांमध्ये ॲडजस्टमेंट असते पण ती ठराविकच, ८० वर गेल्यावर ती संपते आणि अलाइनमेंटवाला बिचारा टो जमवून देतो. कागद घेताना टोकडे नाही, कॅस्टरकडे बघा.

मागे अजून एक गंमत. मागचा एक्सल सरळ राहावा म्हणून एक आडवा रॉड असतो, पॅनहार्ड किंवा लॅटरल रॉड, एक टोक चॅसिसला, एक एक्सलला. गाडी वर गेली की तो रॉड तिरका होतो आणि एक्सलला एका बाजूला ओढतो. गवंड्याकडचा ओळंबा आणला, फेंडरवरून सोडला, दोन्ही बाजूंना टायरपासूनचं अंतर घेतलं, हिशोब केला तर एक्सल ८ मिमी सरकलेला. ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूने जास्त वाकडी का वाटायची ते कळलं, निदान मी तरी तसं समजतोय.

लोक अशा वेळी अजून सामान सुचवतात: डिफ ड्रॉप लाव, अप्पर आर्म बदल, पॅनहार्ड ॲडजस्टेबल घे. वाईट वस्तू नाहीत या. ५० च्या आसपास किंवा वर राहायचं असेल तर दुसऱ्या डिझाइनचे अप्पर आर्म लागतातच, कॅस्टर परत मिळतो आणि स्प्रिंगपासून अंतरही. डिफ ड्रॉपचं मला तितकंसं पटत नाही, पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारा गिअरचा डबा) दोन-अडीच सेमी खाली आणून एक्सलचा कोन सरळ करायचा, म्हणजे ज्याच्यासाठी उचललं तेच परत खाली. पण माझ्या गाडीत रोग वेगळा होता, त्यावर अजून सामान चढवणं म्हणजे तापात गोधडी.

मी काय केलं: डोक्यावरची चकती काढली. पुढच्या स्प्रिंगा बिनाबंपरच्या वजनाच्या घेतल्या, मागच्या रोजच्या वजनाच्या, मागचं रबरी पॅकिंग फेकलं, आणि मागे त्याच किटच्या लांबीचे नवीन शॉकअप. हेवी स्प्रिंगा एका विंचवाल्याला विकल्या, त्याच्याकडे त्या मस्त बसल्यात. शॉकअपमधून स्प्रिंग काढायचं काम घरी करू नका, दाबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय सोडला तर ती जीव घेऊ शकते, मी हे एक काम गॅरेजला दिलं आणि तिथे उभा राहिलो.

उभा राहायचं कारण बुश. जवळजवळ सगळीकडे चूक इथेच होते. आर्मचे, मागच्या लिंकांचे (मागचा एक्सल धरून ठेवणारे दांडे) बोल्ट गाडी हवेत लटकलेली असतानाच फुल टाइट करतात. रबरी बुश लटकलेल्या स्थितीत जखडला जातो, गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो, पीळ सोडवायला गाडीला थोडं वर ढकलत राहतो आणि काही महिन्यांत रबर फाटतं. लोअर आर्मचे बोल्ट अलाइनमेंटला चाकांवर उभ्या गाडीत सोडून परत कसतात, त्यामुळे ते त्यातून सुटतात, पण अप्पर आर्मचे आणि मागच्या लिंकांचे कोणी बघत नाही. बोल्ट हाताला लागेल इतकेच घट्ट ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) कसायचे. उस्तादाला मी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा म्हणाला, “आप ही कस लो.” मीच कसले.

आता पुढे डावीकडे ४२, उजवीकडे ३८, मागे दोन्ही ४०. कॅस्टर २.८ आणि २.९ वर आला, अप्पर आर्म न बदलता. स्टिअरिंग सरळ ठेवून स्किड रोखणाऱ्या सिस्टमच्या सेन्सरचा झिरो पॉइंट परत करून घेतला, आधी तो न केल्यामुळे स्किडचा दिवा अधूनमधून लागायचा. हेडलाइटही खाली केले, समोरचे लोक बहुतेक वर्षभर शिव्या देत असणार. लटकवून परत बघितलं, अप्पर आर्म आणि स्प्रिंगमध्ये बोट जातं. एक्सल ३ मिमी सरकलेला आहे, तेवढा राहू दिला. महूच्या पुढे जाम गेटपर्यंत आणि तिथून घाट उतरून मंडलेश्वर, महेश्वर करून आलो, एकदाही ‘टक्’ नाही.

आणि जी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली: मागचा एक्सल अखंड आहे, त्याच्या मधला डिफचा गोळा जमिनीपासून किती वर आहे ते फक्त टायर ठरवतो. स्प्रिंगा कितीही उंच घ्या, तो तिथेच. शेतात जे घासत होतं ते तेच होतं, ८० मिमी लिफ्टमध्येही घासत होतंच. २६५/६०-१८ वरून २६५/६५-१८ वर गेलं तर १३ मिमी मिळतात, मात्र स्पीडोमीटर साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी दाखवतो आणि फेंडरच्या आत घासतंय का ते स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघावं लागतं. मी अजून टायर घेतले नाहीत, आहेत त्यांची नक्षी शिल्लक आहे.

कागदाचं एक. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. वॉरंटी आणि इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी गाडीखाली बघतात. आपल्या इन्शुरन्सवाल्याला आधी लेखी विचारून ठेवा, मी चकत्या काढल्यावर विचारलं.

नवीन स्प्रिंगा पहिल्या हजारेक किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, त्यामुळे ५०० किमीला सगळे नट टॉर्क रेंचने परत तपासायचे आणि हजारला टेप परत लावायची, अलाइनमेंटही तेव्हाच. माझे ५०० झालेत, एक मागचा लिंक बोल्ट पाव फेरा फिरला, बाकी ठीक. उजवी बाजू ४ मिमी खाली आहे, ५ मिमीचं पातळ पॅकिंग घालून ती सहज भरता येईल असं गॅरेजवाला म्हणतोय. म्हणू दे. आईला पाट अजून लागतो, पण आता खुर्चीच्या उंचीचा नाही, रोजचा जेवायचा पुरतो.